ड्यूक कनिंगहॅम: फायटर पायलट, खासदार, कैदी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकन काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या लाचखोरीचा विषय निघाला की रँडी उर्फ ‘ड्यूक’ कनिंगहॅमचं नाव येतंच, आणि नाव आलं की तेच तेच प्रश्न येतात. घराची भानगड काय होती, बोट कुणाची, तो खरंच युद्धातला हिरो होता का, माफी कशी मिळाली. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलंय. मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. एक म्हणजे लाचेचे दर यात चक्क लिहून ठेवलेले सापडले, आणि दुसरं म्हणजे हे सगळं बाहेर आलं ते कुठल्या मोठ्या गुप्तहेरामुळे नाही, तर एका पत्रकाराने घराच्या खरेदी-विक्रीची सरकारी नोंद नीट वाचली म्हणून.

हा कनिंगहॅम नक्की कोण?

पूर्ण नाव रँडल हॅरोल्ड कनिंगहॅम. जन्म ८ डिसेंबर १९४१, लॉस एंजेलिस. लहानपण मिझुरी राज्यातल्या शेल्बिना नावाच्या छोट्या गावात गेलं. मिझुरी विद्यापीठात शिकला, मग शिकागोजवळ हिन्सडेलला शाळेत मास्तर आणि पोहण्याचा कोच होता आणि १९६७ मध्ये नेव्हीत गेला. ‘ड्यूक’ हे त्याचं पायलट म्हणून घेतलेलं नाव, हॉलिवूडचा नट जॉन वेनवरून. पुढे १९९१ ते २००५ कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो भागातून रिपब्लिकन पक्षाचा खासदार, म्हणजे तिथल्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जचा सदस्य.

युद्धातला पराक्रम खरा की नंतर रंगवलेला?

खरा. यात शंका घेऊ नका. व्हिएतनाम युद्धात तो एफ-४ फँटम उडवायचा, यूएसएस कॉन्स्टेलेशन या विमानवाहू जहाजावरून, आणि मागच्या सीटवर रडार सांभाळायला विली ड्रिस्कॉल. दोघांनी मिळून पाच मिग पाडली. पहिलं जानेवारी १९७२ मध्ये, दुसरं ८ मे ला, आणि १० मे १९७२ या एकाच दिवशी तीन. त्याच दिवशी परत येताना त्यांच्या विमानाला जमिनीवरून सोडलेलं मिसाईल लागलं, विमान पेटलं, कंट्रोल जवळजवळ गेला, तरी त्याने ते कसंबसं समुद्रापर्यंत रेटलं आणि मगच दोघं बाहेर उडी मारून वाचले, कारण जमिनीवर पडले असते तर सरळ उत्तर व्हिएतनामच्या हातात सापडले असते. हेलिकॉप्टरने त्यांना पाण्यातून उचललं. त्या युद्धात नेव्हीच्या पायलटांपैकी ‘एस’, म्हणजे शत्रूची किमान पाच विमानं पाडलेला हा एकटाच. नेव्ही क्रॉस मिळाला, दोन सिल्व्हर स्टार मिळाले. नंतर नेव्हीच्या टॉपगन या फायटर पायलटांच्या स्कूलमध्ये शिकवलंही.

एक गोष्ट मात्र जपून घ्या. पाचवं मिग ‘कर्नल टूम’ नावाच्या महान व्हिएतनामी पायलटचं होतं ही कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली, पण असा पायलट होता याला व्हिएतनामच्या बाजूने काहीच आधार नाही. विमान पाडलं हे खरं, समोर कोण होता ही दंतकथा.

राजकारणात कसा आला?

१९८७ मध्ये नेव्हीतून रिटायर झाला आणि १९९० ला उभा राहिला. समोर होता डेमोक्रॅट जिम बेट्स, जो आधीच लैंगिक छळाच्या तक्रारींमुळे अडचणीत होता, त्यामुळे ‘आपल्याला अभिमान वाटेल असा खासदार’ हाच कनिंगहॅमचा प्रचाराचा सूर होता. थोड्या मतांनी का होईना निवडून आला आणि मग पुढच्या सगळ्या निवडणुका जिंकत गेला. सॅन डिएगो हे नेव्हीचं शहर, तिथे मेडलवाला पायलट म्हणजे लोकांच्या घरचाच माणूस.

संसदेत तो तापट म्हणून ओळखला जायचा, १९९५ मध्ये जिम मोरन या खासदाराशी धक्काबुक्कीपर्यंत गेलं होतं. कायदे म्हणाल तर नोकरीतल्या आणि रिटायर्ड पोलिसांना देशभर पिस्तूल बाळगू देणारा २००४ चा कायदा त्याने मांडलेला, आणि राष्ट्रध्वजाचा अपमान रोखणारी घटनादुरुस्तीही त्याचीच. ती दुरुस्ती हाऊसने २२ जून २००५ ला पास केली. म्हणजे त्याच्या घराच्या व्यवहाराची बातमी (ती पुढे येतेच) फुटून जेमतेम दहा दिवस झाले होते आणि हा सभागृहात झेंड्याच्या सन्मानावर बोलत होता. मला या प्रकरणातली ही तारीख सगळ्यात जास्त बोचते.

साध्या खासदाराच्या हातात एवढे पैसे कसे?

साधा नव्हताच तो. हाऊसमध्ये ४३५ सदस्य असतात, पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. कनिंगहॅम अ‍ॅप्रोप्रिएशन्स कमिटीच्या डिफेन्स सबकमिटीवर होता, म्हणजे संरक्षण खात्याचा पैसा कुठे जाणार हे जिथे ठरतं तिथे, आणि शिवाय इंटेलिजन्स कमिटीवर. गुप्तचर खात्याचं बजेट तर तेव्हा लोकांना दिसतच नव्हतं. वाईट हेतूच्या माणसाला यापेक्षा सोयीची जागा नाही.

इअरमार्क म्हणजे काय? आपल्या खासदार निधीसारखं का?

नाही, गल्लत करू नका. आपल्याकडे खासदार निधी म्हणजे प्रत्येकाला वर्षाला ठरावीक रक्कम आणि त्यातून मतदारसंघातली कामं. इअरमार्क म्हणजे मोठ्या बजेटच्या बिलात किंवा त्याच्यासोबतच्या रिपोर्टमध्ये एखादी ओळ घुसवायची की अमुक कामाला इतके पैसे द्या, आणि काम अशा शब्दांत लिहायचं की ते एकाच कंपनीला जमेल. त्या काळात ही ओळ कुणी घातली हे जाहीर करायचं बंधनच नव्हतं. खात्याने मागितलं नसलं तरी पैसा मंजूर व्हायचा. आणि मग खातं टाळाटाळ करायला लागलं तर खासदाराने अधिकाऱ्याला फोन करून झापायचं, कारण त्या अधिकाऱ्याच्या खात्याचं बजेट त्याच खासदाराच्या हातात. कनिंगहॅम नेमकं हेच करायचा. इअरमार्क मागणाऱ्या सदस्याचं नाव उघड करण्याचा नियम हाऊसने आणला तो २००७ मध्ये, हे आणि यासारखी इतर प्रकरणं होऊन गेल्यावर.

घराची भानगड नीट सांगा ना

हे घर सॅन डिएगोजवळ डेल मारला होतं. नोव्हेंबर २००३ मध्ये कनिंगहॅमने ते १६ लाख ७५ हजार डॉलरला विकलं. घेणारा मिचेल वेड, वॉशिंग्टनमधल्या एमझेडएम नावाच्या डिफेन्स कंपनीचा मालक. वेड त्या घरात राहायला आलाच नाही, त्याने ते लगेच परत विकायला काढलं, महिनोन्‌महिने गिऱ्हाईक मिळालं नाही आणि शेवटी ९ लाख ७५ हजाराला गेलं. सात लाखांचा तोटा, तेही अशा वेळी जेव्हा सॅन डिएगोत घरांच्या किमती वर वर चालल्या होत्या.

कॉपली न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेचा मार्कस स्टर्न हा पत्रकार खरं तर कनिंगहॅमच्या परदेश दौऱ्याबद्दल काहीतरी शोधत होता, आणि तो शोधता शोधता त्याने खासदाराच्या मालमत्तेच्या नोंदी काढल्या. हा व्यवहार त्याला खटकला, घेणाऱ्याच्या कंपनीमागे कोण आहे ते त्याने खोदून काढलं, मग त्या कंपनीला मिळालेली सरकारी कंत्राटं बघितली, आणि जून २००५ मध्ये सॅन डिएगो युनियन-ट्रिब्यूनमध्ये बातमी आली. एमझेडएमची भरभराट गेल्या दोन-तीन वर्षांतलीच होती आणि कंत्राटांचा एकूण आकडा १५ कोटी डॉलरच्या वर गेला होता. यात छुपा कॅमेरा नव्हता, फुटलेली फाईल नव्हती, कुणालाही बघता येतील असे कागद होते. आधी बघितले मात्र कुणी नव्हते.

आणि ते मिळालेल्या पैशाचं काय केलं?

त्याहून मोठं घर घेतलं. रँचो सँटा फे नावाच्या अतिश्रीमंत वस्तीत, २५ लाख ५० हजार डॉलरचं. त्यावर गहाणखतं चढवली न्यूयॉर्कच्या थॉमस कोंटोयानिस नावाच्या बिल्डरशी संबंधित कंपनीने, आणि मग ती कर्जं फेडायला पैसे आले कंत्राटदारांकडून. एक कर्ज मिटवायला ५ लाख २५ हजार डॉलर आले ते ब्रेंट विल्क्स या दुसऱ्या कंत्राटदाराकडून. कागदावर सगळं गृहकर्ज आणि परतफेड, पण हप्ते तिसराच माणूस भरतोय.

विल्क्सचं आणि कनिंगहॅमचं नातं वेडच्याही आधीचं. त्याची एडीसीएस नावाची कंपनी जुने कागद स्कॅन करून डिजिटल करायची आणि पनामा कालव्याशी संबंधित जुनी कागदपत्रं डिजिटल करायचं लाखो डॉलरचं काम तिला मिळालं, जे पेंटागॉनला, म्हणजे संरक्षण खात्याला तेव्हा निकडीचं वाटतच नव्हतं. युद्ध लढलेल्या माणसाने सैन्याचा पैसा असा वाया घालवावा याचा मला राग येतो.

‘ड्यूक-स्टर’ बोट काय प्रकार?

वॉशिंग्टनमध्ये कॅपिटल यॉट क्लबच्या धक्क्याला एक ४२ फुटी बोट उभी असायची, नाव ‘ड्यूक-स्टर’. मालक कागदोपत्री वेड, राहायचा कनिंगहॅम. भाडं नाही. बोटीवर त्याचंच टोपणनाव रंगवलेलं असून लोकांना वर्षभर काही वावगं वाटलं नाही. १ जुलै २००५ ला एफबीआय आणि बाकीच्या तपास यंत्रणांनी एकाच दिवशी ही बोट, एमझेडएमचं ऑफिस आणि रँचो सँटा फेचं घर असे तीन ठिकाणी छापे टाकले.

लाचेचं रेटकार्ड खरंच होतं?

होतं, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच. शिक्षेच्या सुनावणीआधी फेब्रुवारी २००६ मध्ये सरकारी वकिलांनी तो कोर्टात दाखल केला. खासदाराच्या अधिकृत लेटरहेडचा कागद, त्यावर सरकारी शिक्का, आणि खाली हाताने लिहिलेले दोन रकाने. डावीकडे कंत्राट किती मिलियन डॉलरचं, उजवीकडे त्याबदल्यात काय द्यायचं ते हजारांत.

पहिल्या ओळीत डावीकडे १६, उजवीकडे ‘बीटी’ ही अक्षरं आणि १४०. बीटी म्हणजे बोट. अर्थ असा की १६ मिलियनची, म्हणजे १ कोटी ६० लाखांची कंत्राटं हवी असतील तर १ लाख ४० हजाराची बोट माझी. त्याखाली १७, १८, १९, २० आणि प्रत्येकासमोर ५०, म्हणजे पुढच्या दर मिलियनला ५० हजार. आणि २० च्या पुढे गेलं की २५. म्हणजे जास्त घेतलंत तर रेट अर्धा.

हा कागद नीट डोळ्यासमोर आणा. कुणी नाईलाजाने, अडचणीत सापडून, एकदा पाय घसरला म्हणून हे लिहीत नाही. शांतपणे बसून हिशोब केलाय, सवलतसुद्धा ठरवलीय. आणि किंमत बघा किती कमी, जनतेच्या एका मिलियनमागे २५ हजार, अडीच टक्के. बाकीचे साडेसत्त्याण्णव टक्के कंत्राटदाराच्या खिशाला, आणि त्या बदल्यात देशाला ते काम हवं होतं की नाही हे कुणी विचारतच नाही. ‘२४ लाख डॉलरची लाच’ असा मथळा वाचून लोक म्हणतात नुकसान २४ लाखांचं, तसं नाही हो, खरं नुकसान त्या लाचेच्या जोरावर जी कंत्राटं गेली त्यांचं.

बाकी काय काय घेतलं?

यादी मोठी आहे. रोल्स-रॉइस गाडीसाठी पैसे आणि नंतर तिच्या दुरुस्तीचे पैसे, इराणी गालिचे, चांदीचे मेणबत्तीदान, १९ व्या शतकातलं ७,२०० डॉलरचं फ्रेंच कपाट आणि असं जुनं किमती फर्निचर, हॉटेलांची बिलं, सहली, मुलीच्या ग्रॅज्युएशन पार्टीचा खर्च. तेव्हा खासदाराचा पगार वर्षाला १ लाख ६२ हजार डॉलर होता, त्यामुळे पोट भरत नव्हतं म्हणून केलं असं म्हणायला जागाच नाही. जप्त केलेल्या वस्तूंचा २००६ मध्ये सरकारने लिलाव केला.

सुरुवातीला तो काय म्हणत होता?

मी काही गैर केलं नाही हेच. घर वाजवी भावाने विकलं, वेड माझा मित्र आहे, फार तर निर्णय चुकला असेल. १४ जुलै २००५ ला जाहीर केलं की पुढची निवडणूक लढवणार नाही, पण निर्दोष असल्याचं पालुपद चालूच होतं. त्याचे मतदारही बरेच दिवस त्याच्या बाजूने होते. मला त्यांचा राग येत नाही, ज्याने जीव धोक्यात घातला तो असं करेल हे पटायला वेळ लागतो.

कोर्टात काय झालं? खटला चाललाच नाही का?

नाही चालला. २८ नोव्हेंबर २००५ ला त्याने सॅन डिएगोच्या फेडरल कोर्टात गुन्हा कबूल केला. दोन आरोप होते, एक कटाचा (लाच, टपालातून आणि फोन-इंटरनेटसारख्या तारांवरून केलेली फसवणूक, करचुकवेगिरी हे सगळं मिळून) आणि दुसरा २००४ च्या टॅक्सचा. त्या वर्षी रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवलं होतं सव्वा लाख डॉलरच्या आत, खरं होतं १२ लाखांच्या वर. एकूण किमान २४ लाख डॉलरची लाच घेतल्याचं त्याने मान्य केलं. कोर्टाबाहेर येऊन कॅमेऱ्यांसमोर रडत त्याने निवेदन वाचलं, कायदा मोडला, लपवालपवी केली, पदाला काळिमा फासला असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. काही दिवसांतच खासदारकी सोडली.

इथे एक प्रश्न नेहमी येतो की कबुली दिली म्हणजे सौदा झाला का. हो, झाला. दोन्ही आरोपांना जास्तीत जास्त पाच-पाच वर्षं, म्हणजे दहाच्या वर शिक्षा होणारच नव्हती. लाच घेतल्याचा स्वतंत्र आरोप लावून खटला चालवला असता तर जास्त होऊ शकली असती.

शिक्षा किती झाली?

३ मार्च २००६ ला जज लॅरी बर्न्स यांनी ८ वर्षं ४ महिने सुनावले. सरकारी वकिलांनी पूर्ण दहा मागितली होती. शिवाय १८ लाख डॉलर भरपाई आणि जप्ती वेगळी. त्या वेळेपर्यंत काँग्रेसच्या कुठल्याही सदस्याला भ्रष्टाचारासाठी झालेली ही सगळ्यात मोठी शिक्षा, आधीचा आकडा ओहायोच्या जिम ट्रॅफिकंटचा, आठ वर्षं.

बचाव पक्षाने युद्धातली कामगिरी पुढे केली होती, आणि जजनी ती नाकारली नाही, काही सूट त्यासाठी दिलीच. पण त्यांनी त्याला सरळ सांगितलं की तू भिजलेला नव्हतास, थंडीने कुडकुडत नव्हतास, उपाशी नव्हतास, तरी तू हे केलंस. मला हा न्याय योग्य वाटतो.

बाकीच्यांचं काय झालं?

मिचेल वेडने फेब्रुवारी २००६ मध्ये गुन्हा कबूल केला, तपासाला खूप मदत केली, त्यामुळे अडीच वर्षांवर सुटला. विल्क्स अडून बसला, खटला लढला, नोव्हेंबर २००७ मध्ये सगळ्या १३ आरोपांत दोषी ठरला आणि १२ वर्षं मिळाली, म्हणजे लाच घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जास्त. कोंटोयानिसला आठ वर्षांच्या वर.

आणि तपासाचा धागा तिथेच संपला नाही. विल्क्सचा शाळेपासूनचा जिगरी दोस्त काइल ‘डस्टी’ फोगो सीआयएमध्ये तिसऱ्या नंबरच्या पदावर पोचला होता. मित्राच्या कंपन्यांना कामं दिली म्हणून त्यालाही ३७ महिन्यांची शिक्षा झाली. एका घराच्या नोंदीपासून सुरू झालेला तपास सीआयएच्या वरच्या मजल्यापर्यंत गेला.

सरकारी वकील कॅरोल लॅमना यामुळेच काढलं का?

कॅरोल लॅम या सॅन डिएगोच्या यूएस अ‍ॅटर्नी, त्यांच्याच ऑफिसने हे प्रकरण उभं केलं. डिसेंबर २००६ मध्ये इतर काही वकिलांबरोबर त्यांनाही राजीनामा द्यायला सांगितलं, त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि २००७ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनाही जावं लागलं. कनिंगहॅम प्रकरणाचा सूड म्हणून काढलं असा संशय तेव्हा खूप लोकांना होता. २००८ च्या न्याय खात्याच्या अंतर्गत चौकशीत मात्र तसा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे ‘यामुळेच काढलं’ असं ठोकून सांगू नका, काढण्याची पद्धत चुकीची होती एवढं नक्की म्हणता येतं.

पत्रकारांना काही मिळालं?

२००६ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं बक्षीस, राष्ट्रीय वार्तांकनासाठी. युनियन-ट्रिब्यून आणि कॉपली न्यूज सर्व्हिस यांच्या टीमला, त्यात मार्कस स्टर्न आणि जेरी कॅमर यांचा खास उल्लेख.

सुटल्यावर काय केलं, आणि माफीचं काय?

२०१३ मध्ये सुटला आणि आर्कान्सामध्ये जाऊन राहिला. सुटायच्या आधी शिकारीसाठी बंदूक ठेवायची परवानगी मिळेल का असं जज बर्न्सना पत्र लिहून विचारलं होतं, त्यांनी ते आपल्या अधिकारात नसल्याचं कळवलं. २० जानेवारी २०२१ ला, म्हणजे पहिल्या टर्मच्या शेवटच्या दिवशी, ट्रम्प यांनी त्याला सशर्त माफी दिली, शिफारस हाऊसचे माजी स्पीकर न्यूट गिंग्रिच यांची. व्हाइट हाऊसने कारणं दिली ती युद्धातली कामगिरी, तुरुंगात इतर कैद्यांना शिकवलं, गावच्या फायर ब्रिगेडमध्ये फुकट काम करतो ही. कैद्यांना शिकवलं ते चांगलंच केलं, पण शिक्षा भोगून साडेसात वर्षं झालेल्या माणसाला माफी देऊन नेमकं काय साधलं हे मला कळलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ८३ व्या वर्षी तो वारला.

मेडल काढून घेतली का? पेन्शन?

मेडल नाही घेतली, आणि घेऊही नयेत असं मला वाटतं. १० मे १९७२ ला जे केलं ते केलंच आहे, आणि त्या मेडलांत ड्रिस्कॉलचाही वाटा आहे.

पेन्शनचा मुद्दा वेगळा. तेव्हाच्या कायद्यात देशद्रोहासारखे मोजके गुन्हे सोडले तर शिक्षा झालेल्या खासदाराचं पेन्शन बंद करायची सोयच नव्हती, त्यामुळे जेलमध्ये गेलेल्या माणसाला जनतेच्या पैशातून पेन्शन चालू राहणार हे लोकांना कळलं तेव्हा खूप चीड आली. २००७ च्या ऑनेस्ट लीडरशिप अँड ओपन गव्हर्नमेंट अ‍ॅक्टने लाचखोरीसारख्या गुन्ह्यांत काँग्रेसचं पेन्शन जप्त करायची तरतूद केली, पण ती कायदा झाल्यानंतरच्या गुन्ह्यांना लागू, म्हणून कनिंगहॅमला तिचा काहीच फरक पडला नाही.